रिकाम्या सीटचा पट्टा

१

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाच्या माहितीत ‘छंद : विमान’ असं लिहून आलं होतं. आईला वाटलं, विमानाने फिरायची आवड असेल, चांगलंच आहे. लग्न होऊन घरी आले तेव्हा कळलं की विमान घरामागच्या शेडमध्ये आहे आणि अजून अर्धंच आहे.

सासरे कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कारखान्यातलंच एक जुनं लेथ मशीन विकत घेऊन घरी आणलं. “बाकीची माणसं घड्याळ घेऊन निवृत्त होतात, हे लेथ घेऊन आले,” असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. नवरा पंपांच्या कंपनीत ड्रॉइंग काढतो. सुट्टीच्या दिवशी नाश्ता झाला की बापलेक शेडमध्ये जात आणि जेवायला हाका मारून मारून सासूबाईंचा घसा बसे. विमानाला त्या ‘ती बया’ म्हणतात.

मी बोलते कमी, त्यामुळे लोक मला पटकन कामाला लावतात. मला शिवण येतं हे कळल्यावर पंखांवर ताणायचं कापड माझ्याकडे आलं, मग सीटचे फोम आणि त्यांची कव्हरं. सीट दोनच, शेजारी शेजारी. डावी चालवणाऱ्याची. उजवी माझी, असं नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. काही जणींना नवरे दागिने दाखवतात. मला फोम दाखवला.

इंजिन मात्र गाडीचं होतं. विमानाचं इंजिन आमच्या ऐपतीबाहेरचं. गाडीचं इंजिन विमानात बसवायचं म्हणजे त्याच्या सगळ्या सवयी मोडायच्या, असं सासरे सांगत. गिअरबॉक्स काढून टाकायचा. इंजिन फिरतं जोरात, प्रोपेलरला तेवढा वेग झेपत नाही, म्हणून मध्ये एक लहान आणि एक मोठी पुली घालून वेग निम्म्यावर आणायचा. रेडिएटर दुसरीकडे न्यायचा. स्पार्कची एक व्यवस्था बंद पडली तर दुसरी हवी, कारण वर गाडी बाजूला लावून बॉनेट उघडायची सोय नसते.

“गाडीचं इंजिन आयुष्यभर थांबत-थांबत चालतं,” सासरे म्हणत. “सिग्नल, खड्डे, म्हशी. याला एका दमात चालायला शिकवायचंय.”

इंजिन आणायला मीही गेले होते. भंगारवाल्याने त्यावर थाप मारली. “पुढून काही लागलेलं नाही साहेब, धडक चौकात, शेजारच्या सीटच्या बाजूने होती. इंजिनाला ओरखडा नाही. गाडी चालवणारा तर चालत घरी गेला.”

सासऱ्यांनी तेलाची काडी काढून बघितली, वास घेतला आणि मान डोलावली. मीही मान डोलावली. नवी सून आणखी काय करणार?

२

इंजिन बसलं, सुरू झालं, आणि ज्या दिवशी ते न खोकता बराच वेळ चाललं त्या दिवशी सासूबाईंनीही शेडच्या दारात येऊन कानांवर हात ठेवून कौतुक केलं.

विमानाची मागची बाजू दोराने खांबाला बांधायची, नवऱ्याने आत बसून इंजिन वाढवायचं, सासऱ्यांनी बाजूला उभं राहून ऐकायचं आणि मी आग विझवायचा सिलिंडर धरून बसायचं, अशी चाचणीची पद्धत होती. इंजिन बंद झालं की पाणी, तेल पुन्हा काठोकाठ भरायचं आणि विमान ढकलत शेडमध्ये आणून वजन करायचं.

वजनाला या लोकांत देवासारखं महत्त्व आहे. विमान किती जड आहे यापेक्षा ते कुठे जड आहे, याला. तीन चाकांखाली तीन काटे ठेवायचे. तीन आकड्यांवरून विमानाचा तोल कोणत्या जागी आहे ते काढता येतं. तोल ठरलेल्या जागेच्या मागे गेला तर विमान शेपटीवर बसू बघतं, पुढे गेला तर नाक खाली घालतं. दोन्हींचा शेवट जमिनीवरच होतो.

काटे गोदामातले, गोल तबकडीचे, सुईवाले. त्या दिवशी तिन्ही सुया थरथरून थांबल्या आणि सासरे न बघताच म्हणाले, “सूनबाई, टेकू नकोस गं.”

मी भिंतीपाशी होते.

“मग तू टेकलायस.”

“मी इथे आहे बाबा,” नवरा शेपटीमागून म्हणाला.

पुढच्या चाकावर वजन कमी होतं. मागच्या दोन्हींवर जास्त, त्यातही उजव्यावर अधिक. सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, याच काट्यांवर सगळं बरोबर जुळलं होतं. आम्ही काटे आपसात बदलले. जमिनीची पातळी बघितली. मी तिन्ही काट्यांवर एकेकदा उभी राहिले आणि तिन्हींनी माझं वजन सारखंच सांगितलं. ते किती, हे इथे सांगायची गरज नाही.

नवऱ्याने हिशोब केला, खोडला, पुन्हा केला. मग हसला. “गंमत बघा बाबा. पन्नासेक किलो जास्त आहे. आणि हिशोबाने ते उजव्या सीटवर येतंय.”

आम्ही तिघांनीही सीटकडे बघितलं. मी शिवलेलं निळं कव्हर, कडेला दुहेरी शिलाई. बाकी काही नाही.

जेवताना सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पन्नासच? म्हणजे आपल्या सुनेपेक्षा बारीक आहे.”

सगळे हसले. मीही हसले. जेवण झाल्यावर मी शेडमध्ये गेले. सुया सकाळच्या जागी परत आल्या होत्या. इंजिन गार झालं होतं, गार होताना त्याच्या पत्र्यातून येणारी टिक, टिकही थांबली होती.

३

पुढच्या चाचणीनंतर तेच झालं. त्यापुढच्याही. इंजिन तापलं की वजन येई आणि इंजिन गार झालं की जाई.

माझ्या डोक्यात दोन बायका राहतात. एक घाबरट आणि एक हिशेबी. हिशेबी बाई म्हणाली, तापल्यावर लोखंड फुगतं, नळ्यांत पाणी इकडचं तिकडे होतं, टायर गरम होतात, काहीतरी असेलच. घाबरट बाईने फक्त एवढंच विचारलं की फुगलेलं लोखंड नेमकं सीटवर जाऊन कसं बसतं? हिशेबी बाई तेव्हापासून थोडी गप्प असते.

पट्ट्याचं लक्षात आलं ते मात्र माझं मलाच. विमानात सीट रिकामी असली तरी तिचा पट्टा लावून ठेवायचा असतो. दोन्ही सीटच्या मध्ये एकच दांडा आहे. सुटं बक्कल घरंगळून दांड्याच्या बुडाशी अडकलं तर विमान वळायचं नाही. म्हणून चाचणीआधी उजव्या सीटचा पट्टा लावायचं काम माझ्याकडे होतं. मी तो फोमला चिकटेल इतका ओढून उरलेलं टोक नीट आत खोचत असे. शिवणकाम करणाऱ्याला लोंबणारं टोक सहन होत नाही.

चाचणी संपल्यावर मी बक्कल उघडायला गेले तर पट्टा ढिला होता. टोक बाहेर आलेलं होतं. हिसका बसून निघाल्यासारखं नाही, हवं तेवढंच सरकवलेलं. जेवण झाल्यावर माणूस कमरेचा पट्टा सैल करतो, तितकंच.

“तू पट्टा सैल केलास का?” मी नवऱ्याला विचारलं.

“मी कशाला करू? इंजिनाच्या थरथरीने सरकला असेल.”

“तुझा सरकला नाही.”

“माझ्या पट्ट्यात मी आहे ना, राणी सरकार.”

ते बोलून गेल्यावर तो हातातलं फडकं उगाचच घडी घालत राहिला. फडक्यांची घडी घालणारा तो नव्हे.

त्या दिवशी इंजिन गार व्हायच्या आत मी सीटवर हात ठेवून बघितला. फोम मीच निवडला होता, दाबला की हळूहळू वर येणारा. तो दाबलेला होता. माझा तळवा कव्हरला टेकला नाही. टेकायच्या थोडा आधीच थांबला. मी हात काढून घेतला आणि घरात जाऊन सासूबाईंबरोबर भाजी निवडत बसले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि निवडलेली भाजी माझ्यापुढून स्वतःकडे ओढली. मी देठ ठेवून पानं टाकत होते.

४

या लोकांनी केलेली चूक दुसऱ्या कुणी केली नसती. घाबरट माणसांनी इंजिन काढून टाकलं असतं. शहाण्यांनी कारण शोधलं असतं. सासऱ्यांनी बॅटरी हलवली.

“जे वजन आहे ते आहे,” ते म्हणाले. “कारण नंतर शोधू. उडताना इंजिन तापलेलंच असणार, म्हणजे वजन असणारच. मग ते धरून तोल साधायचा.”

बॅटरी सीटच्या मागे होती. ती काढून पुढे नाकात, इंजिनाच्या शेजारी बसवली. चाचणी घेतली, गरम इंजिनाने वजन केलं. तोल जिथे हवा तिथे बरोबर आला. बापलेकांनी एकमेकांना टाळी दिली.

मी शेडमध्ये उभ्या उभ्या, लग्नानंतर पहिल्यांदाच, सासऱ्यांसमोर मोठ्याने बोलले.

“बाबा, ते वर गेल्यावर उतरलं तर?”

“कोण?”

“वजन.”

लेथवर पाना ठेवल्याचा आवाज झाला. “वजन उतरत नसतं सूनबाई. वजन असतं.”

“इथे रोज उतरतं. तुम्ही बघता.”

“ते इंजिन गार झाल्यावर. हवेत इंजिन गार होत नाही.”

“आणि त्याच्या मनात आलं तर?”

नवरा माझ्याकडे बघत होता. थट्टा करेल असं वाटलं, पण नाही. त्याने सरळ उत्तर दिलं. “तर नाक जड होईल. वर असताना झालं तर दांडा मागे ओढून धरता येईल. उतरताना, शेवटच्या वळणात झालं तर...” त्याने हाताचा तळवा विमानासारखा धरला होता, तो खाली केला. “तिथे उंची नसते.”

“मग बॅटरी परत मागे घ्या.”

“आणि ते बसलेलं राहिलं तर शेपटी जड. ते याहून वाईट.”

“इंजिनच बदला.”

“सूनबाई,” सासरे म्हणाले. आवाज मऊ होता, त्यामुळे अधिकच कठीण वाटला. “चार वर्षं गेली याच्यात. माझ्या हाताला आता कंप येतो. दुसरं इंजिन माझ्याच्याने होणार नाही.”

रात्री जेवायला बसलो. सासूबाईंनी दोघांना वाढलं, मला वाढलं आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, “मी तीस वर्षं बोलून बघितलं. ऐकत नाहीत. तू काहीतरी करायचं ते कर.”

मी काय करणार होते? माझ्या ताब्यात त्या विमानातली एकच गोष्ट होती.

५

उड्डाण सकाळी होतं. गावाबाहेर एका क्लबची जुनी धावपट्टी आहे, कडेला पत्र्याची शेड आणि एक बाकडं. वारा नव्हता. नवऱ्याने इंजिन तापवलं, बंद केलं, सासऱ्यांनी सगळे नटबोल्ट हाताने चाचपले. मग नवरा मला म्हणाला, “पट्टा?”

मी उजवं दार उघडलं. पट्टा दोन्हीकडून घेऊन बक्कल लावलं आणि टोक ओढायला लागले. नेहमी मी फोमला चिकटेपर्यंत ओढते. त्या दिवशी तसं झालं नाही. पट्टा फोमच्या बराच वर असताना हाताला अडथळा लागला. टणक नव्हे, मऊ. आपण लहान मुलाला बांधतो तेव्हा शेवटी त्याच्या पोटाशी लागतो तसा.

हिशेबी बाई म्हणाली, ओढू नकोस, सोड आणि पळ. यावेळी गंमत अशी की घाबरट बाईला जास्त कळत होतं. ती म्हणाली, उतरलं तर नवरा जाईल. उतरू देऊ नकोस.

मी दाराच्या चौकटीला पाय रोवून पट्टा आवळला. टोकाला गाठ मारली. पट्टा सैल करायच्या सरकपट्टीच्या खाली आणखी एक गाठ मारली. थंडगार अशी हवेची एक झुळूक माझ्या मनगटावरून गेली, नाकातून सोडलेल्या श्वासाएवढी. मी दार लावलं.

“झालं?” नवऱ्याने विचारलं.

“झालं. सावकाश ये.”

विमान पळालं, उचललं, झाडांच्या वर गेलं. एकदम सरळ, जसं दोरीवरून चाललंय. मी सासऱ्यांचा हात धरला. आम्ही असे कधी एकमेकांचा हात धरणारे नव्हतो.

त्याने एक फेरी घेतली. इंजिनाचा आवाज शिवणयंत्रासारखा एकसारखा होता. मग तो उतरायला आला, शेवटचं वळण घेतलं, आणि त्या वळणात विमानाचं नाक एकदम खाली गेलं.

सासऱ्यांनी माझी बोटं इतकी दाबली की अंगठी रुतली. नाक खाली गेलं, आणि मग कुणीतरी उठायला जावं आणि धप्पकन परत खाली बसावं तसं वर आलं. पुन्हा एकदा गेलं, तेवढं नाही. पुन्हा वर. चाकं टेकली.

“बसलं,” सासरे म्हणाले. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

नवरा उतरला तो हसतच. बापाच्या पाया पडला, मला सगळ्यांदेखत जवळ घेतलं. सगळे म्हणजे सासरे आणि क्लबचा माळी. मग माझ्या कानाशी म्हणाला, “पट्टा चांगला आवळलास.”

“का?”

“वळणात करकरत होता. नाहीतर...”

“नाहीतर काय?”

“काही नाही. बक्कल दांड्यात अडकलं असतं.”

६

विमान क्लबच्या शेडमध्ये ठेवलं. सासरे टेम्पोवाल्याची वाट बघत थांबणार होते, हत्यारांची मोठी पेटी त्यातून जायची होती. आम्ही बाकड्यावर बसून चहा घेतला. चहा संपला, इंजिनाचं टिकटिकणं थांबलं. उजवा टायर मात्र अजून दबलेला होता. नवऱ्याने त्यात हवा भरली, तरी तो डाव्याएवढा वर आला नाही.

सासऱ्यांनी टायरकडे बघितलं, मग माझ्याकडे. “सूनबाई, पट्टा सोडलास का?”

मी सोडला नव्हता. खरं सांगायचं तर सोडायचा विचारच मनात आणला नव्हता. बांधून ठेवलेलं आहे तिथे राहील, कुलूप लावू, घरी जाऊ, एवढाच माझा बेत होता.

“असं बांधून ठेवू नये,” ते म्हणाले.

गाठी सोडायला वेळ लागला. मी तिकडे बघितलं नाही, फक्त बोटांकडे बघितलं. बक्कल उघडलं आणि पट्टा दोन्हीकडे पडला. निळं कव्हर हळूहळू वर आलं, दुहेरी शिलाईसुद्धा सरळ झाली. खाली टायरने हुश्श केलं. मी दार लगेच लावलं नाही. जाणाऱ्याला वाट असावी म्हणून थोडा वेळ उघडं धरून उभी राहिले. आता वाटतं, उगाचच.

आमची गाडी बाहेर उन्हात होती. नवऱ्याने पुढचं दार उघडून दिलं.

“मी मागे बसते,” मी म्हटलं.

“का? विमान चालवून आल्यावर लगेच ड्रायव्हर झालो होय मी?”

“पाय लांब करायचेत.”

मी त्याच्या बरोबर पाठीमागे बसले. त्याने पान्यांची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली. सीटवर वजन असलं आणि पट्टा लावलेला नसला की आमची गाडी टुंग-टुंग वाजते. ती वाजायला लागली.

“पिशवीला माणूस समजतेय,” नवरा म्हणाला आणि पिशवी उचलून मागे माझ्या मांडीवर दिली.

टुंग-टुंग चालूच राहिलं.

त्याने सीट चापटली. गाडी बंद करून परत सुरू केली. टुंग-टुंग. मी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. मला म्हणायचं होतं की खाली उतर, आपण टेम्पोतून जाऊ. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

“सेन्सर गेला असेल,” तो म्हणाला. “नंतर बघू.” आणि बापाचा मुलगा, त्याने हात लांब करून शेजारचा पट्टा ओढला आणि बक्कल लावलं. आवाज थांबला. मागून मला पट्ट्याचा वरचा भाग दिसत होता. तो सीटच्या पाठीला टेकला नव्हता.

गाडी निघाली. नवरा उड्डाणाबद्दल बोलत होता. वर हवा किती गार होती, इंजिनाने एकदाही कुरकूर केली नाही, पुढच्या रविवारी तू चल. मी हं हं करत होते. बोलता बोलता तो गप्प झाला. गाडी सावकाश चालवायला लागला, एरवी चालवतो त्याच्या निम्म्याने.

मोठ्या रस्त्याचा चौक आला. तिथे सिग्नल नाही, शेजारच्या बाजूने येणारी वाहनं भिंतीमुळे चालवणाऱ्याला दिसत नाहीत. त्याने गाडी थांबवली. स्वतःच्या बाजूला बघितलं. मग शेजारच्या सीटकडे किंचित मान वळवली.

“मोकळं आहे का तिकडून?” त्याने विचारलं.

मला तिकडचं काही दिसत नव्हतं. मी तोंडही उघडलं नव्हतं.

“हं,” तो म्हणाला, मान हलवली आणि गाडी चौकात घातली.